तेमुकोहून: मापुचे लोक, माची आणि लावेन

रानजाई

नमस्कार मंडळी,

चिलीच्या भटकंतीच्या धाग्यावर मी तेमुकोला शिकायला आलेय असं लिहिलं, तेव्हा काही जणांनी इथल्या मापुचे लोकांबद्दल आणि त्यांच्या औषधांबद्दल विचारलं होतं. दोन ओळींत उरकण्यासारखा विषय नाही, म्हणून स्वतंत्र धागा काढतेय. मी मानववंशशास्त्र शिकते. विषय आंतरसांस्कृतिक आरोग्य. सरकारी दवाखाना आणि मापुचे उपचार एकाच माणसाच्या आजारपणात कसे येतात, कुठे जुळतात आणि कुठे अडतात, हे बघायचं.

तेमुको सांतियागोच्या दक्षिणेला पावणेसातशे किलोमीटरवर आहे. लोक रात्रीच्या बसने येतात. गाव पावसाळी आणि थंड. हिवाळ्यात घरोघरी लाकडाच्या शेगड्या पेटतात आणि संध्याकाळी सगळ्या शहरावर धूर बसतो. आभाळ मोकळं असलं की पूर्वेला याइमा ज्वालामुखीचं बर्फाळ टोक दिसतं. काउतिन नदीचा पूल ओलांडला की पाद्रे लास कासास, आणि तिथून पुढे मापुचे वस्त्या सुरू होतात.

२०१७ च्या जनगणनेत चिलीतल्या साडेसतरा लाखांच्या आसपास लोकांनी आपण मापुचे असल्याची नोंद केली. देशाच्या लोकसंख्येचा हा जवळपास दहावा हिस्सा झाला. त्यातले एक तृतीयांशाहून जास्त आता सांतियागो महानगरात राहतात, कारण गावाकडे जमीनच पुरेशी उरली नाही. सीमेपलीकडे अर्जेंटिनातही मापुचे आहेत.

जमिनीची गोष्ट इथे थोडी सांगायलाच हवी. स्पॅनिश लोकांना मापुचेंनी कधी पुरतं जिंकू दिलं नाही. १५५३ मध्ये तुकापेलला पेद्रो दे वाल्दिव्हिया हा चिलीचा गव्हर्नरच त्यांनी मारला. १५९८ च्या कुरालाबाच्या लढाईनंतर स्पॅनिशांना बिओबिओ नदीच्या दक्षिणेची शहरं सोडावी लागली, आणि १६४१ मध्ये किलिनच्या तहात ती नदी सरहद्द म्हणून मान्य झाली. मापुचेंचा मुलूख गेला तो स्वतंत्र चिलीच्या सैन्यामुळे, १८६१ ते १८८३ या काळात. मी राहते ते तेमुको शहर १८८१ मध्ये लष्करी ठाणं म्हणून वसवलं गेलं. पुढे मापुचे कुटुंबांना लहान लहान राखीव तुकड्यांवर बसवलं आणि कागद दिले. हे सगळे तुकडे मिळून सुमारे पाच लाख हेक्टर, म्हणजे मूळ मुलुखाच्या विसाव्या हिश्श्याच्या आसपास. बाकीची जमीन वसाहतवाल्यांकडे आणि मोठ्या जमीनदारांकडे गेली.

औषधांच्या धाग्यात हा इतिहास कशाला, असं वाटेल. इथे राहून माझं एक मत पक्कं झालंय. मापुचे औषधाला लावेन म्हणतात, आणि हे लावेन समजून घ्यायचं तर आधी जमिनीचा प्रश्न समजून घ्यावा लागतो. झाडांची यादी पाठ करून हाती फार काही लागत नाही.

लावेनची बरीचशी झाडं मेनोकोत वाढतात. मेनोको म्हणजे झऱ्याकाठची पाणथळ जागा. वरून दाट जंगल, खाली काळी भुसभुशीत माती, पाय टाकला की घोट्यापर्यंत आत जातो. अशा प्रत्येक जागेला तिचा रखवालदार असतो, त्याला न्गेन म्हणतात. औषध खुडायच्या आधी त्याची परवानगी मागायची, कुणासाठी आणि कशासाठी नेतोय ते मोठ्याने सांगायचं, नाणं किंवा चार दाणे ठेवायचे आणि लागेल तेवढंच घ्यायचं. न सांगता घेतलं, जास्त ओरबाडलं किंवा मेनोकोत उगाच धुडगूस घातला, तर माणूस आजारी पडतो असं मानतात. एका बाईंसोबत मी गेले होते. फांदी तोडायच्या आधी त्या दोनेक मिनिटं मापुदुंगुनमध्ये, म्हणजे मापुचेंच्या भाषेत, बोलत होत्या, शेजारच्या घरी काही मागायला गेल्यावर बोलावं तितक्या साध्या सुरात. मग चार पानं खुडली आणि आम्ही लगेच बाहेर आलो. तिथे रेंगाळायचं नसतं.

औषध देणारे लोक वेगवेगळे असतात. नुसती झाडं जाणणारे असतात, हाडं बसवणारे असतात, सुइणी असतात. या सगळ्यांत माचीचं स्थान वेगळं. माची बहुतेक वेळा बाई असते, पुरुषही असतात. मनात आलं म्हणून कुणी माची होत नाही. लहानपणी किंवा तरुणपणी स्वप्नं पडू लागतात, डॉक्टरी उपायांना न जुमानणारं आजारपण येतं, आणि घराण्यातल्या पूर्वीच्या एखाद्या माचीचा आत्मा आपल्याला हाक देतोय हे हळूहळू कळतं. मग जुन्या माचीकडे कित्येक वर्षं शिकायचं. तिच्या अंगणात पूर्वेकडे तोंड करून पायऱ्या कोरलेला लाकडी खांब उभा असतो, तो रेवे. त्याला फोये, म्हणजे स्पॅनिशमध्ये कानेलो, आणि माकी या झाडांच्या ताज्या फांद्या बांधलेल्या असतात. हातात कुल्त्रुन, लाकडी वाडग्यावर कातडं ताणून केलेला ढोल. त्यावर चार भागांत जगाचं चित्र काढलेलं असतं. मोठ्या उपचाराला माचितुन म्हणतात. त्यात माची भारावलेल्या अवस्थेत जाऊन बोलते आणि ते बोलणं समजून घेऊन घरच्यांना सांगणारा एक माणूस शेजारी ठरलेला असतो. यातल्या कशाचेही फोटो काढायचे नसतात. मी काढले नाहीत आणि इथे टाकणारही नाही, तेव्हा कृपया मागू नका.

बाजारातला एक प्रसंग सांगते. फेरिया पिंतो हा तेमुकोचा मोठा बाजार. बटाटे, वाळवलेलं समुद्रशैवाल, पिन्योन म्हणजे अराउकारिया झाडाच्या बिया, चीज, आणि एका अंगाला जुड्या मांडून बसलेल्या मापुचे बायका. वयस्कर बाईला इथे आदराने पापाय म्हणतात. माझ्या घरमालकिणीचा खोकला हटत नव्हता, म्हणून अशाच एका पापायकडे गेले आणि खोकल्यावर काही द्या म्हटलं. जुडीला हात लावायच्या आधी तिची विचारपूस सुरू झाली. कुणाला? वय काय? कोरडा की कफ पडतो? रात्री वाढतो का? पोट साफ आहे का? दुसऱ्या कसल्या गोळ्या चालू आहेत? रक्तदाबाच्या आहेत म्हटल्यावर हातात घेतलेली एक जुडी तिने परत खाली ठेवली आणि दुसरी दिली. कसं उकळायचं, किती दिवस घ्यायचं आणि कधी थांबायचं ते मला दोनदा म्हणून दाखवायला लावलं. शेवटी म्हणाली, आठवड्यात उतार पडला नाही तर तिला दवाखान्यात ने.

आज इतकंच लिहिते. विचारा, जमेल तसं उत्तर देईन.

चिंचवडकर_नाना

फार छान आणि मनापासून लिहिलंयस. मापुचे हे नाव मी फक्त फुटबॉलच्या बातम्यांत चिलीच्या संदर्भात वाचलं होतं. स्पॅनिशांना अडीचशेहून जास्त वर्षं रोखून धरलं हे ठाऊकच नव्हतं. जेवणाखाण्याबद्दलही लिही. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

वैद्या_मुग्धा

वाचतेय. मी बीएएमएस करून नाशिकजवळ प्रॅक्टिस करते. त्या पापायने जे प्रश्न विचारले ते ऐकून बरं वाटलं, आजारापेक्षा रोग्याकडे बघणं हेच महत्त्वाचं. झाडांबद्दल जरा तपशिलात लिहिशील का? त्यांचे उपयोग, कुठला भाग वापरतात, वगैरे. आणि आपल्याकडे मिळतं असं काही आहे का?

रानजाई

नाना, जेवणाबद्दल एकच पदार्थ सांगते. मेरकेन. लाल मिरच्या उन्हात वाळवायच्या, धुरावर धरायच्या, मग भाजलेले धणे आणि मीठ घालून कुटायच्या. पहिल्यांदा बरणी उघडली तेव्हा थेट आमच्या साताऱ्याच्या घरातल्या तिखटाच्या डब्याची आठवण झाली, वर धुराचा वास तेवढा जास्तीचा. बटाट्यावर, अंड्यावर, कशावरही घालतात.

मुग्धाताई, पुस्तकांत छापून आलेलं आणि बाजारात उघड विकलं जाणारं तेवढंच सांगते. काही झाडांबद्दल मला विश्वासाने सांगितलं गेलंय, ते लिहिणार नाही.

बोल्दो सगळ्यांना माहीत आहे. याची पानं जाड आणि खरखरीत, चुरडली की कापरासारखा वास येतो. जड जेवणानंतर, यकृताच्या आणि पित्ताच्या तक्रारींवर याचा काढा घेतात. चिलीत बिगरमापुचे घरांतही बोल्दोच्या चहाच्या पिशव्या असतात. गरोदर बायकांना मात्र देत नाहीत. मातिकोची पानं जखमांवर लावतात, धुवायलाही वापरतात. नात्रे तापावर. हे इतकं कडू असतं की काढ्याचा एक घोट घेतला तर संध्याकाळपर्यंत जिभेवर राहतं.

फोये म्हणजे कानेलो हे सगळ्यांत पवित्र झाड. न्गियातुन या सामूहिक प्रार्थनेत त्याच्या फांद्या लागतातच. याची साल तिखट आणि झणझणीत. १५७८ मध्ये ड्रेकच्या ताफ्यातला कप्तान जॉन विंटर मॅगेलनच्या सामुद्रधुनीत अडकला होता. त्याने या सालीवर आपल्या खलाशांचा स्कर्व्ही बरा केला, आणि वनस्पतिशास्त्रात त्या झाडाला त्याचंच नाव चिकटलं. युरोपात ती साल कित्येक वर्षं विंटरची साल म्हणून विकली गेली. ज्यांच्या रानातलं आणि पूजेतलं झाड, त्यांचं नाव त्यात कुठेच नाही. मला याचं वाईट वाटतं.

तुम्ही आपल्याकडचं विचारलंत. कियाय नावाचं झाड मध्य चिलीत वाढतं. त्याची साल पाण्यात घुसळली की फेस येतो. मापुचे आणि इतर गावकरी पिढ्यान् पिढ्या त्याने केस आणि लोकर धूत आले आहेत. तो फेस सापोनिनचा असतो. याच सापोनिनपासून मॅट्रिक्स-एम हा पदार्थ बनतो. तो लशीत घातला की शरीराचा प्रतिसाद वाढतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेल्या कोवोवॅक्स या करोनाच्या लशीत तो होता. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये शिफारस केलेली आर२१ ही मलेरियाची लसही पुण्यात बनते आणि तिच्यातही तो आहे. नागिणीवरच्या शिंग्रिक्स लशीतही याच झाडाचं सापोनिन आहे. म्हणजे हडपसरच्या कारखान्यातून आफ्रिकेतल्या मुलांसाठी निघालेल्या डोसमध्ये चिलीच्या डोंगरातल्या झाडाचा अंश आहे. कियाय तोडायला इथे सरकारी परवानगी लागते, आणि जगभरची मागणी वाढल्यामुळे झाडं पुरतील का याची काळजीही आहे.

तर्कनिष्ठ

लेख माहितीपूर्ण आहे, पण एक शंका थेट विचारतो. आपल्याकडे २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा व्हावा म्हणून लोकांनी आयुष्यं वेचली. अंगात येणारी बाई ढोल वाजवून रोग बरा करते, हेच महाराष्ट्रात कुणी केलं तर आपण त्याला भोंदूगिरी म्हणतो. मग मापुचेंनी केलं की ती संस्कृती कशी? माची लघवी बघून निदान करतात असंही वाचलंय. सापोनिनमध्ये ताकद आहे हे प्रयोगशाळेने सिद्ध केलं, ढोलाने नाही. माणसं उपचाराअभावी मरत असतील तर हे सगळं कौतुकाने लिहिणं मला पटत नाही.

रानजाई

तर्कनिष्ठ, तुमचा प्रश्न योग्य आहे. मी इथे तेच शिकायला आलेय, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

हो, लघवी बघतात. मी एका माचीच्या अंगणात पहाटे बसले आहे, दवाखान्यातल्या आंतरसांस्कृतिक सहायकाबरोबर (दवाखाना आणि मापुचे यांच्यातला दुवा) आणि त्यांच्या परवानगीने. उजाडायच्या आत लोक येऊन बसलेले असतात. प्रत्येकाच्या पिशवीत सकाळच्या पहिल्या लघवीची काचेची बाटली. माची ती उजेडाकडे धरते, हलवते, फेस कसा येतो, खाली काय बसतं ते निरखते आणि मग बोलायला लागते. कधी लघवीऐवजी आजाऱ्याचा अंगातला कपडा आणतात. आत मोठ्या पातेल्यांत लावेन उकळत असतं. जाताना प्रत्येकजण शीतपेयाच्या मोठ्या प्लास्टिकच्या बाटल्यांत आपापलं औषध भरून नेतो. बाटलीवर चिकटपट्टीने नाव लिहिलेलं.

लघवी बघून मधुमेहाचा आकडा कळतो असा माझा दावा नाही. पण तिथे बोलणं काय चालतं ते ऐकलं. झोप कशी आहे, स्वप्नं काय पडतात, घरात कुणाशी बोलणं तुटलंय का, शेताच्या बांधावरून भांडण आहे का, नवीन घर कुठल्या जागेवर बांधलं, झरा बुजवला का. एक बाई वर्षभर अंगदुखीने झिजत होती. दवाखान्यात सगळे रिपोर्ट नॉर्मल आले होते. माचीशी ती बराच वेळ भावाबद्दलच बोलली. त्या बोलण्याचा तिला उपयोग झाला. हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि याला फसवणूक म्हणायला माझं मन तयार नाही.

दुसरं म्हणजे, मापुचे लोक स्वतःच आजारांत फरक करतात. काही आजार आपले, त्यांना माची हवी. काही बाहेरच्यांचे, त्यांना विंका आजार म्हणतात, ते दवाखान्याने बरे करायचे. क्षय, पित्ताशयाचे खडे, मोडलेलं हाड उघडून बसवायची वेळ, यासाठी लोक दवाखान्यात जातात. मला भेटलेल्या एकाही माचीने क्षयाच्या गोळ्या सोड असं कुणाला सांगितलेलं नाही. कुणी सांगितलं असतं तर मी त्याविरुद्ध उभी राहिले असते.

उपचाराअभावी लोक मरतात का? उशीर होतो, हे खरंय. त्याची कारणं मी विचारत गेले तेव्हा बहुतेक वेळा उत्तर आलं की दवाखान्यात भाषा कळत नव्हती, डॉक्टर रागावले, आजीला कपडे काढायला लावले आणि का ते सांगितलं नाही, बस दिवसातून दोनदाच आहे. म्हणूनच १९९० च्या दशकापासून इथे आंतरसांस्कृतिक आरोग्याची कामं सुरू झाली. माकेवेचं जुनं मिशनचं रुग्णालय १९९९ पासून तिथली मापुचे संघटना चालवते. आत आधुनिक डॉक्टर आणि नर्स आहेत, पण स्वागताला मापुदुंगुन बोलणारा माणूस आहे, आणि पेशंटला माचीकडे जायचं असेल तर ते लपवावं लागत नाही. नुएवा इंपेरियालच्या सरकारी रुग्णालयाला लागून मापुचे औषधोपचाराचा स्वतंत्र भाग आहे. २०१२ च्या रुग्णहक्क कायद्याने आदिवासी भागातल्या सरकारी दवाखान्यांवर अशा सेवेची जबाबदारी टाकली. लपवणं थांबलं की डॉक्टरला कळतं, हा माणूस अमुक काढा घेतोय, त्याच्याबरोबर रक्त पातळ करणारी गोळी देऊ नये. जीव वाचतात ते इथे.

एक काळी बाजूही आहे. कल्कू, म्हणजे करणी करणारा, असा आळ घेतला की घरं तुटतात, शेजारी शत्रू होतात. मापुचे लोकच याबद्दल दुःखाने बोलतात. जादूटोणाविरोधी कायद्यामागची तळमळ मला अशा वेळी फार जवळची वाटते. पण आळ घेणारा आणि रात्रभर आजाऱ्याशेजारी बसून राहणारी माची यांना एका पारड्यात घालता येत नाही.

सांतियागोकर_निशिकांत

मी नोकरीनिमित्त बरीच वर्षं सांतियागोत आहे. इथल्या ला पिंताना, सेर्रो नाव्हिया अशा कष्टकरी वस्त्यांच्या भागात नगरपालिकेच्या आवारात रुका, म्हणजे गवताने शाकारलेलं मापुचे घर, बांधलेलं दिसतं. दक्षिणेतून येणाऱ्या माची ठरलेल्या दिवशी तिथे लोकांना भेटतात. आमच्या ऑफिसातल्या सफाई करणाऱ्या बाई सुट्टी घेऊन जातात. आधी त्या कुणाला सांगत नसत.

आणखी एक. जूनच्या अखेरीस इथे, दक्षिण गोलार्धात, वर्षातला सगळ्यात लहान दिवस असतो, मापुचेंचं नवं वर्ष, वे त्रिपान्तु. २०२१ पासून त्या दिवशी देशभर सुट्टी असते. त्याच वर्षी संविधानसभेच्या अध्यक्षपदी एलिसा लोंकोन निवडून आल्या. भाषाशास्त्रज्ञ, मापुचे. पहिलं भाषण त्यांनी मापुदुंगुनमध्ये सुरू केलं. माझ्या शेजारची म्हातारी टीव्हीसमोर उभी राहून ऐकत होती. पुढे २०२२ च्या सप्टेंबरमध्ये त्या सभेने केलेल्या संविधानाच्या मसुद्याला जवळपास ६२ टक्के लोकांनी नकार दिला, पण ते भाषण लोकांच्या लक्षात राहिलंय.

एटापल्लीचा_मास्तर

धागा मनापासून आवडला. मी गडचिरोलीत शिक्षक आहे, त्यामुळे माकेवेबद्दल वाचताना शोधग्रामचा दवाखाना डोळ्यांसमोर आला. तिथे बंग दांपत्याने दवाखाना काढायच्या आधी गोंड लोकांनाच विचारलं. मोठी इमारत, पांढरे कपडे, नातेवाइकांना आत येऊ न देणं याची लोकांना भीती वाटत होती. म्हणून गावासारख्या झोपड्या उभ्या राहिल्या, सोबतच्या माणसांना राहायला जागा झाली आणि नाव मिळालं माँ दंतेश्वरी दवाखाना. देवीच्या दारात कुणी घाबरत नाही.

तुम्ही जमिनीबद्दल लिहिलंत ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आमच्याकडे पुजारी आणि वड्डे, म्हणजे गोंडांचे वैदू, आहेत, पण त्यांना लागणारी झाडं जवळच्या जंगलात राहिली तर त्यांचं ज्ञान चालतं. २००६ चा वनहक्क कायदा झाल्यावर मेंढा-लेखासारख्या गावांना सामूहिक हक्क मिळाले आणि ग्रामसभांच्या जंगल राखण्याला कायद्याचा आधार आला. चिलीत असा कायदा आहे का? मेनोको कुणाच्या मालकीचे असतात?

रानजाई

मास्तर, तुम्ही नेमकं मर्मावर बोट ठेवलंत. पुष्कळ मेनोको आज मापुचेंच्या मालकीचे नाहीत. ते खाजगी जमिनीत आहेत, आणि त्या जमिनीवर पाइन आणि निलगिरी आहे.

१९७४ मध्ये, लष्करी राजवटीत, वृक्षलागवडीचा खर्च सरकारने देण्याचा हुकूम निघाला, ७५ टक्क्यांपर्यंत. त्यानंतर दक्षिणेत डोंगरच्या डोंगर एकाच झाडाने भरून गेले. चिलीत आज अशी लागवड वीस लाख हेक्टरांहून जास्त आहे. बसमधून बघताना हिरवं दिसतं, आत शिरलं की पक्ष्याचा आवाज नाही, खाली फक्त सुया. झरे आटले, उन्हाळ्यात कित्येक वस्त्यांना टँकरने पाणी येतं. तुम्हा-आम्हाला टँकर नवा नाही, पण इथे पाऊस धो धो पडतो, हे लक्षात घ्या. एका माचीने मला सांगितलं की तिच्या गुरूने दाखवलेली झाडं आणायला तिला आता पहाडावर बसने आणि पुढे चालत जावं लागतं, परवानगी मागून, कधी फाटकावरून परत येऊन. पूर्वी ती घरामागे होती.

कायदा आहे. १९९३ चा आदिवासी कायदा क्रमांक १९२५३ आहे, त्यातून जमीन विकत घेऊन परत देण्याचा सरकारी निधी चालतो, पण फार संथ. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा आदिवासींच्या हक्कांचा करार क्रमांक १६९ चिलीने २००८ मध्ये मान्य केला. त्यावर पहिला मोठा निकाल एका माचीनेच मिळवला. माची फ्रान्सिस्का लिंकोनाओ. शेजारच्या जमिनीत एक कंपनी मूळचं जंगल तोडत होती. त्यात मेनोको होता आणि तिची औषधं तिथूनच येत. २००९ मध्ये तेमुकोच्या अपील न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. जमीन दुसऱ्याची असली तरी औषधाच्या झाडांवर तोडीचा हात टाकता येत नाही. पुढे तिच्यावर एका गंभीर जळिताच्या खटल्यात आरोप झाले, तुरुंगात राहावं लागलं. २०१७ मध्ये आणि फेरखटल्यात २०१८ मध्ये पुन्हा, दोन्ही वेळा ती निर्दोष सुटली. नंतर ती संविधानसभेत निवडून गेली.

त्याच प्रकरणात, २०१३ मध्ये एक वृद्ध जोडपं घराला लागलेल्या आगीत मेलं, त्यात माची सेलेस्तिनो कोर्दोव्हा यांना १८ वर्षांची शिक्षा झाली. त्या जोडप्याचं मरण भयंकर होतं, त्याचं समर्थन मी करत नाही. इथे सांगायचं वेगळंच आहे. तुरुंगातून आपल्या रेवेकडे जाऊ द्यावं म्हणून त्यांनी २०१८ आणि २०२० मध्ये दीर्घ उपोषणं केली. रेवेपासून तुटलेल्या माचीचं शरीरच ढासळतं, असं त्यांचं आणि त्यांच्या लोकांचं म्हणणं. सरकारला ही धार्मिक सवलतीची मागणी वाटत होती, मापुचे मात्र ते उपचार म्हणून मागत होते. दवाखान्यात मापुचे कक्ष उघडायला सरकार तयार असतं, पण रेवे, झरा आणि जंगल हाही उपचाराचाच भाग आहे असं म्हटलं की बोलणं थांबतं. मास्तर, माझा प्रबंध याच जागी अडकलाय, आणि तुमच्या ग्रामसभांचा अनुभव मला खरंच हवाय. जंगल राखायला लागल्यावर पुजाऱ्यांना लागणारी झाडं परत आली का? कुणी नोंद ठेवलीय का?

एटापल्लीचा_मास्तर

काही गावांत झाडं तोडायची नाहीत अशी यादी ग्रामसभेने केली, त्यात औषधी झाडं आहेत. नोंद मात्र विस्कळीत आहे. दोन ग्रामसभांना विचारून तुम्हाला निरोप पाठवतो. त्यांनी हो म्हटलं तरच नावं देईन.

रानजाई

असंच हवंय. आभार, मास्तर.

सुमेधा_आई

माझी मुलगी पुढच्या वर्षी तिकडे जायचं म्हणतेय. बातम्यांत अराउकानियात, म्हणजे तेमुकोच्या प्रांतात, आणीबाणी, सैन्य वगैरे ऐकलं. सुरक्षित आहे का गं?

रानजाई

काकू, २०२२ पासून या प्रांतात रस्त्यांवर सैन्याची गस्त असते, हे खरंय. लाकडाचे ट्रक, यंत्रं जाळण्याच्या घटना होतात, त्या मुख्यतः ग्रामीण भागात. तेमुको शहरात माझं रोजचं जगणं व्यवस्थित चालतं. मोबाईल सांभाळायचा, रात्री उशिरा एकटीने फिरायचं नाही, इतपत. गावांत जायचं तर विद्यापीठातल्या ओळखीच्या माणसाबरोबर, दिवसा, आणि तिथल्या लोकांनी बोलावलं असेल तरच. मुलीला मला निरोप पाठवायला सांगा, राहण्याच्या जागेचंही बघू.

वैद्या_मुग्धा

आता मलाच यावंसं वाटतंय. कियाय आणि पुण्याचं तर आईला वाचून दाखवलं. एक विचारते, माचीकडे काही महिने राहून शिकता येईल का? मी मानधन देईन, जे काही असेल ते.

रानजाई

मुग्धाताई, माचीचं ज्ञान मात्र असं शिकता येत नाही. ते बोलावणं आल्याशिवाय मिळत नाही आणि मापुचे मुलांनाही सहजासहजी मिळत नाही. पैसे घेऊन पर्यटकांना माचितुन दाखवणारे कुणी भेटले तर त्यांच्यापासून लांब राहा. त्या लोकांबद्दल इथे फार राग आहे.

तुम्हाला आंतरसांस्कृतिक आरोग्य शिकता येईल. तेमुकोत युनिव्हर्सिदाद दे ला फ्रोंतेरा आहे, कॅथलिक विद्यापीठ आहे, दोन्हीकडे या विषयावर काम करणारी मंडळी आहेत. आधी स्पॅनिश नीट शिका, निदान पेशंटचं बोलणं समजेल इतकं. सोबत मापुदुंगुनचे प्राथमिक वर्गही मिळतात, ते कराच. पापायला मारी मारी म्हणून नमस्कार केला की पुढचं सगळं सोपं होतं. पोचल्यावर थेट गावात जाऊ नका. आधी आंतरसांस्कृतिक सहायकांना भेटा, आपण कोण, कशाला आलो, लिहिलेलं कुठे जाणार, परत काय देणार, हे सगळं सांगा. ते विचारतातच. वैद्य म्हणून तुमच्याकडे द्यायला पुष्कळ आहे, सुइणींशी तर तुमचं छान जमेल.

सत्र मार्चमध्ये सुरू होतं. त्याच सुमारास डोंगरात लोंकिमायकडे अराउकारियाच्या बिया, पिन्योन, गोळा करायचा हंगाम असतो. या झाडाला कायद्याचं संरक्षण आहे, पण पेवेन्चे, म्हणजे डोंगरातली मापुचे, कुटुंबं पिन्योन वेचायला कुटुंबकबिल्यासह वर जातात. उकडून, भाजून, पीठ करून खातात. फेब्रुवारीच्या अखेरीस आलात तर मी आहे इथे, बरोबर जाऊ. व्हिसाला वेळ लागतो, ऑक्टोबरातच कागद घाला.